बिनगाठीची वाकळ

आमच्या घरात वाकळ कधी पुरी होत नाही. एकीचे काठ लागायचे असतात तोवर दुसरीचे तुकडे जुळवणं सुरू होतं, आणि तिसरीसाठी जुनी लुगडी फाडून ठेवलेली असतात. घरापुढच्या छपरीत पाय टाकावा तर कुठं ना कुठं सुई असतेच. एकदा मी म्हटलं, "घरात माणसं दोन आन वाकळी सात. पांघरणार कोण? खांब?"

बुढीनं मान वर केली नाही. "तुमचं तोंड झाकाले एक पुरत नाही, म्हून शिवून राहिली," म्हणाली.

बुढी म्हणजे माझी बायको. पन्नासच्या वर वर्षं झाली लग्नाला. एवढ्या वर्षांत तिची माझ्याबद्दल एकच तक्रार आहे, की मी "माझं चुकलं" असं कधी म्हणत नाही. आता चुकलंच नाही तर म्हणायचं कसं? हे मी तिला पुष्कळदा समजावून सांगितलं, पण तिला पटत नाही.

दुपारी जेवणं आटोपली की शेजारची बाई यायची. आमच्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान. नवरा नाही, मुलगा नागपूरला. ती सुयांवर लोकर विणते. नातवासाठी एकच स्वेटर चार वर्षांपासून चालू आहे. बाह्या होईतो पोरगं वाढलेलं असतं, मग ती उसवते आणि पुन्हा मोठ्या मापाचं धरते. तरी दोघींना वाटायचं की आपण फार काम करतो. बुढी खाली बसून वाकळ ओढायची, बाई खाटेवर बसून लोकर ओढायची, आणि दोघी मिळून माझे पाय ओढायच्या.

मी ऐकून घ्यायचो. पण शिवणीच्या बाबतीत मला कोणी शिकवायचं नाही. मी चौथीत शाळा सोडली आणि पुढं तीस वर्षं राईस मिलमध्ये कट्टे, म्हणजे तांदळाची पोती, शिवली. पोत्याचा जाड सुवा हातात आला की माझा हात दिसायचा नाही. कट्ट्याच्या तोंडाची घडी घालायची, दोन कोपऱ्यांना दोन कान काढायचे म्हणजे हमालाला धरायला सोपं, आणि लांब लांब टाके मारत इकडून तिकडं जायचं. ट्रकमधून फेकला तरी माझ्या कट्ट्यातून तांदळाचा दाणा सांडत नसे. शेवटी गाठ मारायची नाही. टोक कानात खोचायचं. व्यापाऱ्याला माल पाहायचा असतो, त्यानं टोक ओढलं की तोंड सरकन उघडलं पाहिजे. गाठ मारणारा शिवणारा मिलमध्ये टिकत नव्हता. ही कला आहे. घरच्यांनी तिला कधी कला म्हटलं नाही.

तर नातीचे दिवस भरत आले होते. नात म्हणजे माझ्या मुलाची मुलगी. मुलगा फॅक्टरीत, जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये राहतो, आणि नात बाळंतपणाला तिथंच आली होती. बुढीनं पणतवंडासाठी वाकळ धरली. टाके असे बारीक की मुंग्यांची रांग. दिवसाला वीतभर सरकायची. मी पाहिलं, पाहिलं, आणि राहवलं नाही.

"या चालीनं वाकळ होईल तवा बाळ कॉलेजात जाईल."

"मंग तुम्ही शिवा ना जी," खाटेवरून बाई म्हणाली.

"शिवीन. आठ दिवसांत शिवीन."

बुढीनं सुई खाली ठेवली. ती सुई खाली ठेवते तेव्हा सांभाळायचं असतं. "शिवा. नामकरणाच्या दिवशी दोन्ही वाकळी पोरीसमोर ठेवू. ती ज्या वाकळीवर बाळ निजवन तो जिंकला. हरला त्यानं सगळ्यायसमोर म्हणाचं, माझं चुकलं."

"हाव," मी म्हटलं. बाई साक्षीला होतीच.

बैल विकल्यापासून गोठा रिकामा होता. तिथं मी ठाण मांडलं. माझी जुनी धोतरं, दोन पंचे आणि एक चादर थरावर थर ठेवले. मिलच्या दिवसांतलं पक्कं सूत होतं, आणि सुवाही होता. चार दिवसांत तीन बाजू झाल्या. चारी कोपऱ्यांना कान काढायचे ठरवले होते, कारण बाळासकट उचलायची वेळ आली तर काय धरणार? हे बुढीला कधी सुचलं नसतं.

पण हात फिरवून पाहिला तर वाकळ जरा कडक वाटली. जरा म्हणजे, भिंतीला टेकवली तर उभी राहिली. आत एक मऊ थर पाहिजे होता.

बुढीच्या गठोड्यात एक जांभळं लुगडं होतं, पिवळ्या काठाचं. नेसून नेसून लोण्यासारखं झालेलं. ते ती बाळाच्या वाकळीला वरून लावणार होती. ती नळावर गेली होती तेव्हा मी ते काढलं. चोरी म्हणायची तर म्हणा. मी तेव्हा मनात म्हटलं, लुगडं आणलं कोणी? मीच. मग मी माझंच घेतलं. लुगडं दोन धोतरांच्या मध्ये सरकवलं, आणि चौथी बाजू शिवून टोक कानात खोचून दिलं.

दुसऱ्या दिवशी बुढीनं गठोडं उघडलं. सगळं छपरीभर पसरलं. पुन्हा बांधलं, पुन्हा उघडलं. आदल्या दुपारी बाईनं त्याच गठोड्यातून कात्री काढून घेतली होती. बाई आली तशी बुढी तिच्याकडं न पाहता म्हणाली, "आजकाल माझ्या गठोड्याले पाय फुटले बाप्पा. लुगडे आपोआप चालत जातेत."

"कोणाच्या घराकडं चालत गेलं?" बाईनं विचारलं.

"ते लुगड्याले मालूम."

बाईनं लोकर पिशवीत भरली आणि निघून गेली. मी दारात उभा होतो. तेव्हाच बोललो असतो तर तिथंच मिटलं असतं. पण बोललो असतो तर शर्यत हरलो असतो, आणि नातीचं बाळंतपण आज-उद्यावर आलं होतं. माणसानं किती सोसायचं? मी म्हटलं, नामकरणापर्यंत बाई नाही आली तर घरात शांतता राहील.

शांतता भयंकर होती. दुपारी बुढी एकटी टाके मारायची आणि मध्येच रिकाम्या खाटेकडं पाहायची. तिकडून बाईच्या अंगणात सुयांचा आवाज यायचा, टिकटिक, टिकटिक, नेहमीपेक्षा जोरात. एका दुपारी बुढी आपल्याशीच बोलली, "चोरलं तं चोरलं, सांगाले काय जाते? मीच देल्लं असतं." मी गोठ्यात जाऊन बसलो. काम काही नव्हतं, तरी बसलो.

नातीला मुलगी झाली. नामकरणाला बाईलाही बोलावणं होतं, कारण नातीला लहानपणी तिनंच खेळवलं होतं. आमच्या शहापूरहून जवाहरनगरला जायला ऑटो एकच मिळाला. मागच्या सीटवर एका बाजूला बुढी, एका बाजूला बाई, मध्ये मी, आणि माझ्या मांडीवर दोन वाकळी. दोघी पांढऱ्या लुगड्यांत. एक डावीकडं पाहून राहिली, एक उजवीकडं.

"त्यायले सांगा, पिशवी जरा तिकडं घ्या म्हणा," बुढी मला म्हणाली.

मी बाईकडं वळलो. "बाई, पिशवी जरा..."

"त्यायले सांगा, पिशवीत माझंच सामान हाय. उघडून पाहाचं असन तं पाहा म्हणा."

मी बुढीकडं वळलो. बुढी म्हणाली, "आयकलं मी." माझ्या मांडीवर ते जांभळं लुगडं दोन धोतरांच्या आत गुपचूप बसलं होतं. गचका बसला की मला वाटायचं ते बोलेल.

क्वार्टरमध्ये माणसं जमली होती. वंदना झाली, मग पंचशील. आम्ही सगळ्यांनी हात जोडून म्हटलं की चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही. माझा आवाज एरवी सगळ्यांत मोठा असतो. त्या दिवशी दोन ठिकाणी मला खोकला आला. बाईनं वळून पाहिलं.

मुलीचं नाव ठेवून झालं आणि नातीसमोर दोन वाकळी आल्या. बुढीची तर, खोटं कशाला बोलू, चांगलीच होती. माझी खाली ठेवली तर तिचे चारी कान उभे राहिले. नातीच्या सासरच्या बाया हसल्या.

"आबाजी, हे कान कायले?" नातीनं विचारलं.

"उचलाले. तुझ्या आजीच्या वाकळीले कुठून धरशीन?"

पोरगी हुशार. तिनं माझी वाकळ खाली अंथरली, तिच्यावर बुढीची टाकली, आणि वर बाळ निजवलं. "दोन्हीवर निजली," म्हणाली.

मी लगेच बोललो, "पाया माझा हाय. घर पायावर उभं राहते."

बुढीला हा निकाल मान्य नव्हता. ती खाली बसली आणि माझ्या वाकळीत खोट शोधू लागली. बोटानं काठ चाचपत कानापर्यंत आली. तिथं सुताचं टोक दोन बोटं बाहेर आलं होतं. शिवणारीला लोंबता दोरा दिसला की तिच्यानं राहवत नाही. तोडायला म्हणून तिनं तो ओढला.

मी ओरडलो, "ओढू नको!"

दोरा आला. आणखी आला. टाका टाका सरकत गेला, सर्रर्र, जसा कट्ट्याचा सरकतो. तीस वर्षांत एवढी साफ शिवण माझ्या हातून उघडली नसेल. नातीनं बाळ उचलून घेतलं. एक बाजू पूर्ण उघडली, आणि आतून पिवळा काठ बाहेर आला, मग जांभळं लुगडं.

बुढीनं लुगडं ओढून मांडीवर घेतलं.

"जुने कपडे सारखेच दिसतेत," मी म्हटलं.

तिनं काठ उलटा केला. तिथं हिरव्या दोऱ्याचं रफू होतं, तिनंच केलेलं. ते माझ्यासमोर धरलं.

मला बुढीची भीती वाटली नाही. ती ओरडेल, चार दिवस भाजीत मीठ घालणार नाही, हे ठरलेलं. पण बाई उठली. तिनं पिशवी खांद्याला लावली आणि दाराजवळ चप्पल शोधू लागली. चपला बऱ्याच लोकांच्या होत्या, तिची सापडत नव्हती. ही आता गेली की पुन्हा आमच्या छपरीत येणार नाही, हे मला दिसलं. ती खाट तशीच रिकामी राहणार. आणि ती रिकामी मी केली होती.

मी जाऊन दारात उभा राहिलो. दार अरुंद आहे, मी उभा राहिलो की कोणी जाऊ शकत नाही.

"बाई," मी म्हटलं, "माझं चुकलं."

तिनं मान वर केली. "काय म्हटलं भाऊजी? मले डाव्या कानानं कमी आयकू येते."

"माझं चुकलं म्हटलं."

"हा बी डावाच हाय." तिनं दुसरा कान पुढं केला.

"अवो बाई, माझं चुकलं!" हे मी एवढ्या जोरानं म्हटलं की बाळ रडायला लागलं. माझा मुलगा आतून चहाचा ट्रे घेऊन येत होता, तो तिथंच थांबला. त्यानं हे शब्द माझ्या तोंडून जन्मात ऐकले नव्हते.

मागून बुढीनं टाळी वाजवली. "जिंकली मी! सगळ्यायनं आयकलं!"

"तुले नाही म्हटलं," मी म्हटलं. "बाईले म्हटलं."

"कोणाले म्हणाचं ते ठरलंच नव्हतं. सगळ्यायसमोर म्हणाचं, एवढंच ठरलं होतं. म्हटलं!"

बाईनं पिशवी खाली ठेवली. मला बाजूला सारून ती बुढीसमोर जाऊन बसली. "आन तुम्ही, वैनी? लुगडे कोणाच्या घराकडं चालत जातेत म्हणत होत्या?"

बुढीची टाळी तिथंच थांबली. तिनं लुगड्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मग बाईच्या गुडघ्यावर हात ठेवून इतक्या हळू म्हणाली की मला पुढं वाकावं लागलं. पण ऐकलं मी. "माझंही चुकलं व बाई. मले वाटलं... जाऊ दे. चुकलं."

मग दोघी रडल्या आणि लगेच हसल्या. बाईनं पिशवीतून शिवायच्या दोन सुया काढल्या, माझ्या वाकळीची उघडी बाजू मांडीवर ओढली, आणि दोघींनी दोन टोकांकडून शिवायला घेतलं. दर वीतभराला एक गाठ. मला पाहायला बसवलं. चारी कान मात्र मी कापू दिले नाहीत.

लुगडं बुढीनं परत आतच घालू दिलं. बाई दुसऱ्या दिवसापासून दुपारी खाटेवर हजर. बुढी सगळ्या गावाला सांगत फिरते की बुढा हरला, तीनदा म्हणाला. म्हणून हे लिहून ठेवतो. पहिली गोष्ट, तीही म्हणाली. दुसरी, माझं पहिलं आणि दुसरं बाईला ऐकू आलं नव्हतं, म्हणजे ते धरता येत नाही. राहिलं एकच. तिनं मात्र एकाच दमात दोनदा म्हटलं, मी मोजलं आहे.