डायवर, मास्तर आणि उतरतं पाणी

"चार दिवस बोटीवर राहायला चालली," असं आईला सांगितलं. तिनं कुकरची शिट्टी होऊ दिली आणि मग म्हणाली, "यवतमाळात? इथं नळाले पाणी नाई, अन् तू बोटीवर चालली?"

मुद्दा बरोबर होता. पण पुसदच्या एका मैत्रिणीनं मला ह्या जोडप्याबद्दल सांगितलं होतं, आणि तेव्हापासून डोक्यातून जात नव्हतं. नवरा एसटीचा रिटायर ड्रायव्हर. बायको रिटायर कंडक्टर. तांड्यात स्वतःचं पक्कं घर असून दोघं इसापूर धरणाच्या पाण्यावर जुन्या नावेत राहतात. मी फोन केला तर काकूंनी उचलला. मी कोण, कायले येते, काही विचारलं नाही. म्हणाल्या, "ये. पण लवकर ये. पाणी उतरून राह्यलं. नाव हलवाची हाय."

तर मे महिना, बेचाळीसच्या पुढचं ऊन, तोंडाला दुपट्टा, पाठीवर बॅग. यवतमाळहून दारव्हा-दिग्रसमार्गे पुसद. बायकांना हाफ तिकीट आहे, त्यामुळे प्रवासाचा खर्च विचारू नका, लाज वाटेल इतका कमी. दिग्रसला गाडी थांबते तिथं पोहे खाऊन घ्या, तर्री जपून. पुसदहून पुढं काळीपिवळी. ती भरल्याशिवाय हलत नाही, आणि "भरली" याची व्याख्या तुमची आणि ड्रायव्हरची वेगळी असते. शेवटचा रस्ता कच्चा, पायी. डोक्यावर टोपी नसेल तर जाऊच नका.

नाव पाहिली तेव्हा आधी हसू आलं. पूर्वी या काठावरून त्या काठावर माणसं, बकऱ्या, मोटरसायकली नेणारी रुंद लाकडी नाव. पूल झाला, नाव भंगारात निघाली, काकांनी घेतली. मधोमध टिनाची खोली. खोलीवर सोलरची प्लेट, बाजूला तुळस, मिरच्या वाळत घातलेल्या. मागच्या टोकाला शेतातलं डिझेल इंजिन आणि त्याच्यापुढं, खरं सांगते, ट्रॅक्टरचं स्टेअरिंग. मच्छीमार संस्थेची जाळी राखायची, त्या बदल्यात पाण्यावर राहायचं, असा तोंडी व्यवहार.

"आव, बेस," काका गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, म्हणाले. मग माझ्याकडं न बघता, "मास्तर, सवारी आली. पाणी दे तिले."

मास्तर म्हणजे काकू. एसटीत ड्रायव्हर कंडक्टरला मास्तर म्हणतो. काकू त्यांना 'डायवर' म्हणतात. चाळीस वर्षांचा संसार, आणि मी नावानं एक हाक ऐकली नाही. मी त्यांना इथं उत्तमकाका आणि सुमनकाकू म्हणते. खरी नावं त्यांची त्यांच्याकडं.

तुम्हाला विचारायचंय ते आधी सांगून टाकते. संडास तांड्यातल्या घरी, फळीवरून उतरून चालत जायचं. प्यायचं पाणी हापशीचं, गुंडात भरून. मोबाईल दुपारी चार्ज करायचा, ऊन असेपर्यंत. अंघोळ धरणात, काठावर बायकांची वेळ वेगळी. जेवायला झिंगे, भाकर, कांदा. काकू झिंगे भाजतात तेव्हा कावळेसुद्धा टपून बसतात. शाकाहारी असाल तर वरण मिळेल, वर एक टोमणाही मिळेल.

"घर सोडून इथं काहून, काकू?"

"अवं, नोकरीभर चालत्या गाडीत उभी राह्यली मी. रिटायर झाल्यावर घरी झोपली, तं जमीन हालेच ना! सात-आठ रात्री डोळ्याले डोळा नाई. इथं कशी हालते थोडी थोडी. मस्त झोप लागते."

गंमत इथपर्यंतच. कारण संध्याकाळी काकू काठावर गेल्या आणि पाण्याच्या कडेला एक काडी रोवून आल्या. कालची काडी कोरड्या चिखलात उभी होती. परवाची त्याच्याही मागं, तडे गेलेल्या मातीत.

काका इंजिनाशी खटपट करत होते. काकू माझ्याजवळ बसल्या आणि आवाज खाली घेतला. दर उन्हाळ्यात ही खाडी, म्हणजे धरणाचा आत शिरलेला फाटा, आटते. आटायच्या आधी नाव पलीकडं, जुन्या नदीच्या खोल पाण्यात न्यावी लागते. दरवर्षी एप्रिलात नेतात. यंदा मे लागला तरी नेली नाही. नाव चिखलात बसली की उन्हानं फळ्या उकलतात, मग ती नाव राहत नाही, जळतण होते. आणि नागपूरच्या पोरानं सांगून ठेवलंय, नाव बसली की खेळ बंद, दोघांनी नागपूरला यायचं, तिसऱ्या मजल्यावर.

"मग नेली काहून नाई?"

काकूंनी काकांकडं पाहिलं. "काचबिंदू हाय त्याईले. समोरचं दिसते. बाजूचं गेलं. नळीतून पाह्यल्यासारखं. पेपर वाचते, म्हणून कोणाले समजत नाई. पोरालेही नाई."

"सकाळी निघू," काका तिकडून ओरडले. ऐकलं होतं का, माहीत नाही.

सकाळी निघायचं म्हणजे उजाडताच, कारण ऊन चढलं की वारा सुटतो. पण इंजिननं हवा धरली. काका हँडल मारतात, इंजिन खोकतं, बंद. पुन्हा हँडल. शर्ट भिजला. मी म्हटलं, उद्या गेलो तर? काकूंनी बांबू पाण्यात घालून बाहेर काढला आणि मला ओली खूण दाखवली. गुडघ्याच्या थोडी वर. उद्याचा प्रश्न संपला.

सूर्य चांगला वर आला तेव्हा इंजिन धडधडलं.

आता यांची नाव चालवायची रीत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. स्टेअरिंग मागं, मध्ये टिनाची खोली, त्यामुळं ड्रायव्हरला समोरचं पाणी फारसं दिसतच नाही, डोळे चांगले असले तरी. इंजिनाच्या आवाजात हाक पोचत नाही. म्हणून काकू पुढच्या टोकाला बांबू घेऊन. आणि त्यांच्या हातापासून खोलीच्या छतावरून मागं काकांच्या डोक्यापर्यंत एक दोरी. टोकाला पितळी घंटी. जुन्या एसटीत असायची, तश्शी. एक घंटी, थांब. दोन घंट्या, चाल. काका घंटी ऐकतात आणि करतात. विचार करत नाहीत. काकू दोन द्यायच्या म्हणजे रस्ता मोकळा, ही त्यांची आयुष्यभराची सवय.

मला मधे बसवलं, हातात तेलाचा कापलेला डबा. आत आलेलं पाणी उपसायला.

टण टण. निघालो.

पहिला टप्पा ठीक. काकू बांबू टेकवतात, उचलतात, टेकवतात. काठ लांब गेला. मग पाण्यातून काळे खुंट दिसायला लागले. धरण व्हायच्या आधीच्या नाल्यावरच्या बाभळी. दरवर्षी एप्रिलात त्यांच्या डोक्यावरून नाव जाते. यंदा त्यांची डोकी पाण्याबाहेर होती, आणि जी दिसत नव्हती ती जास्त वाईट.

आणि वारा सुटला. खोलीवरची ताडपत्री फुगली, फडफडली. तिची एक बाजू दोरीवर आपटायला लागली.

काकूंनी बांबू टेकवला, तो ठक्कन आदळला. त्यांनी दोरी ओढली. एक. मी पाहिलं, एकच ओढली. त्याच क्षणाला ताडपत्रीनं दोरीला हिसका दिला.

मागं घंटी वाजली. टण. टण.

काकांनी रेस दिली.

"थांबवा! ओ डायवर! थांबवा!" काकू ओरडल्या. मी ओरडले. इंजिननं दोघींचंही गिळलं. नाव पुढून वर चढली, खालून फळी कराकरा करत गेली, मी डब्यासकट आडवी. मग इंजिन बंद. वारा तेवढा राहिला.

नाव खुंटावर बसली होती, एका कुशीला वाकून. माझ्या पायाजवळच्या फटीतून पाणी बोटभर जाडीनं आत येत होतं. काकूंनी साडीचा पदर टराटरा फाडला, फटीत कोंबला, वर टाच रोवून उभ्या राहिल्या. "उपस," मला म्हणाल्या. मी उपसायला लागले.

काका स्टेअरिंग धरून तसेच बसलेले.

"दोन दिल्या तू," ते म्हणाले.

"एक देली."

"मी दोन आयकल्या, मास्तर."

"आयकल्या असतीन. मी एकच देली."

खुंटाला लागून पाण्याची ओली रेघ होती. पाणी त्या रेघेच्या खाली होतं. कालव्याला पाणी सोडलेलं, म्हणजे धरण आमच्याखालून उतरत होतं. दिवसभर बसलो असतो तर नाव त्या खुंटावर टांगली गेली असती आणि मधून मोडली असती. मला पोहता येतं, जेमतेम. मी डबा आणखी जोरात चालवला.

मग काका उठले. शर्ट काढला, घडी घातली, सीटवर ठेवला. आणि पाण्यात उतरले.

पाणी छातीपर्यंत. ते डोळे मिटून चालायला लागले. पायानं चाचपत, हळूहळू, नावेला हात लावून. "इथं खुंट... इथं बांध हाय जुना, कडक हाय... इथं मोकळं. मास्तर, या बाजूनं निंघते नाव."

"मग या वर. चालवा."

"मी वर आलो तं हे मोकळं सापडनार नाई मले पुन्हा." ते थांबले. "तू घे."

"मी कंडक्टर हाव."

"मले माहीत हाय तू काय हायस! घे म्हनतो नं!"

असा आवाज मी त्यांचा आधी ऐकला नव्हता. काकूंनी टाच काढली, माझी टाच तिथं ठेवायला लावली, आणि नावेच्या कडेवरून मागं गेल्या. सीटवरचा घडी घातलेला शर्ट उचलून मांडीवर घेतला, बसल्या. हँडल काकांनी पाण्यातूनच शिकवलं. "खाली दाब. आता सोड. दाब!" दुसऱ्यांदा इंजिन लागलं.

एसटी मागं घेताना कंडक्टर गाडीच्या टिनावर हात मारत ओरडतो, ते आठवतं ना? काका पाण्यात उभे राहून नावेच्या अंगावर तळहात मारत होते. "आन दे... आन दे... डावं घे... डावं, मास्तर, डावं!... आन दे..." खांदा लावून ढकलत होते. नाव घसरली, अडली, पुन्हा घसरली. एक लांब कण्हल्यासारखा आवाज आला आणि आम्ही सपाट पाण्यात होतो.

काका कडेला लोंबकळत वर चढले. मागं गेले नाहीत. पुढं गेले, बांबू उचलला. दोरी सुरीनं कापून टाकली. बाकीचं पाणी असंच कापलं. काका पुढून टिनावर हात मारायचे, एक थाप, दोन थापा. काकू मागून चालवायच्या. मी उपसत होते. खोल पाण्यात आल्यावर पाण्याचा रंग बदलला, हिरव्याचा काळा झाला. तेव्हा कुठं काकूंनी रेस कमी केली, ते मला मधे बसून ऐकू आलं.

पलीकडच्या काठाला दोर बांधला. वाटलं, आता हसतील दोघं. कोणी हसलं नाही. काका आमच्याकडं पाठ करून बसले ते संध्याकाळपर्यंत. डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली, काकूंनी बाटली पुढं केली, त्यांनी हात झटकला.

काकूंनी भाकरी टाकल्या, ताट वाढलं, नेहमीसारखं आधी त्यांच्यापुढं ठेवलं. ढाब्यावर गाडी थांबली की सगळ्यात आधी ताट ड्रायव्हरला लागतं, हे तुम्हाला माहीत असेल. काकांनी ताट बघितलं आणि सरकवलं. जोरात. कांदा खाली पडला.

"पहिलं ताट डायवरचं असते," ते म्हणाले. "जेव."

हे प्रेमानं म्हटलं होतं, असं मी लिहिणार नाही. काकूंनी कांदा उचलला, फुंकर मारली, आणि जेवल्या. सगळं ताट संपवलं. मग त्यांनी दुसरं वाढलं, आणि काका जेवले.

दुसऱ्या दिवशी मी निघाले. या काठावरून काळीपिवळी मिळत नाही, दुधाच्या गाडीला हात दाखवायचा, पुढं बसायला जागा देतात, पैसे घेत नाहीत. यवतमाळला आले तेव्हा दंडाचे स्नायू इतके दुखत होते की वेणी घालता येईना. आईनं विचारलं, "झालं पाहून? काय असते बोटीवर?" मी म्हटलं, काम असतं. ती म्हणाली, ते तं घरीबी हाय.

काय राहिलं माझ्याकडं? बोटीवरच्या संसाराचं स्वप्न घेऊन गेले होते, पुस्तकं, सूर्यास्त वगैरे. सूर्यास्त झाला असेलच, मी पाहिला नाही. राहिलं ते एवढंच, की घर हलतं ठेवायचं असेल तर कोणाला तरी आपली जागा सोडावी लागते, आणि ती सोडताना माणूस चांगला दिसत नाही.

हे लिहिलं आणि लक्षात आलं, पोरगा वाचेल. काकांचे डोळे जगाला कळतील. म्हणून छापायच्या आधी फोन केला. काकूंनी स्पीकरवर टाकला. मी पहिल्या ओळीपासून वाचलं. डोळ्यांच्या जागी थांबले आणि विचारलं, हे काढू का?

"राहू दे," काकांचा आवाज. "पोराले मीच सांगतलं परवा. तो म्हणे, बाबा, मंग नाव कोण चालवते? म्या म्हटलं, तुही माय."

पुढं वाचत गेले. खुंट, फट, स्टेअरिंग. शेवटपर्यंत वाचलं.

"सगळं बरोबर हाय," काका म्हणाले. "एक खोड. तू लिहलं, स्टेरिंगवर बसताना मास्तर घाबरली. थे खोड."

"पण काका, मला तसं दिसलं..."

"तुले नाई दिसलं. ती नाई घाबरली. मी घाबरलो."

ते वाक्य मी काढलंय.