सूर्यकांत आणि ठासणीची बंदूक

आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली आणि त्यातली एकवीस मी सासऱ्यांच्या ठासणीच्या बंदुकीबद्दल ऐकतेय. कुडाळजवळच्या त्यांच्या गावी पिकाच्या राखणीसाठी परवाना मिळायचा, त्यावरची ती बंदूक. तोंडाकडून दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा, मग छर्रे, परत बोळा, आणि गजानं ठासायचं. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा, संपली की परत घरी. सासरे गेले तेव्हा ती ठाण्यातच होती आणि तिथेच राहिली. मी तर पाहिलीसुद्धा नाही. पण इथे आखातात, सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या घरी जेवायला आलेला एकही पाहुणा तिची गोष्ट ऐकल्याशिवाय सुटलेला नाही. सोलकढी वाढली की माझ्या नवऱ्याच्या, सूर्यकांतच्या, बारानं रानडुक्कर पडलंच म्हणून समजा. आमची अस्मी सतरा वर्षांची, इथेच वाढलेली. ती कानात इयरफोन घालायची आणि म्हणायची, "पापा, नॉट अगेन."

एरवी माणूस अगदी मवाळ. जबल अलीत एका गोदामाचा इन्व्हेंटरी मॅनेजर आहे. घरात झुरळ दिसलं तर मला हाक मारतो आणि स्वतः सोफ्यावर पाय घेऊन बसतो. पण बंदुकीचं नाव निघालं की खुर्चीत ताठ होतो.

हे सगळं एक दिवस त्याच्या मालकांच्या कानावर गेलं. खलफान त्यांचं नाव, इथलेच, सगळे त्यांना अर्बाब, म्हणजे मालक, म्हणतात. हिंदी माझ्या लेकीपेक्षा बरी बोलतात. त्यांनी सूर्यकांतला केबिनमध्ये बोलावलं. "सूर्या, अबू धाबी में शिकार का एक्झिबिशन है. मेरे को मुंह से भरनेवाला बंदूक चाहिए. क्लब में चलाएगा, बाहर देश में छोटा शिकार भी करेगा. तुम चुनेगा."

घरी आला तो चेहरा पडलेला. मी म्हटलं, अरे, तुझ्या जन्माचं सार्थक झालं, असा काय बसलायस? थालीपीठ समोर गार होत होतं. शेवटी म्हणाला, "मृणाल, मी ती बंदूक एकदाही उडवलेली नाही."

माझ्या हातात उलथनं होतं, ते तसंच राहिलं. "मग ते डुक्कर?"

"बाबांनी मारलं. मी फक्त ठासून द्यायचो."

एकवीस वर्षं मी या माणसाच्या पाहुण्यांना सोलकढी वाढली. मला असा संताप आला की काय सांगू. पण त्यानं पुढचं सांगितलं तेव्हा मी गॅस बंद करून समोर बसले. बारा वर्षांचा असताना बाबांनी आपल्याला बार उडवू द्यावा म्हणून त्यानं हट्ट धरला होता. बाबा हो म्हणाले. त्या दिवशी यानं शहाणपणा केला आणि माळ्यावरची बंदूक काढून आधीच ठासून ठेवली. ती बाबांनी सकाळीच भरलेली होती. एका बारावर दुसरा बार. उडवली असती तर नळी फाटून तोंडावर आली असती. बाबांनी निघण्याआधी सवयीनं गज आत सोडला, तो चार बोटं वर उभा राहिला. ते ओरडले नाहीत, मारलं नाही. दोन्ही बार काढले, आणि त्यानंतर ठासायचं तेवढं त्यांच्या नजरेसमोर, पण बार मात्र त्याला कधीच उडवू दिला नाही.

"अर्बाबला सांगून टाक," मी म्हटलं.

"कसं सांगू? अख्खं ऑफिस मला शिकारी म्हणतं."

"मग भोग आता."

असं म्हटलं खरं, पण प्रदर्शनाला मीही गेले, अस्मीलाही ओढत नेलं. काय ते प्रदर्शन! ससाणे, उंट, तंबू, आणि बंदुकांची दालनंच्या दालनं. खलफान थेट एका जाडजूड नळीच्या बंदुकीपाशी गेले. चांदीची नक्षी, दस्त्यावर हस्तिदंती फुलं. मला वाटलं, आता आमचे शिकारी मान डोलवणार आणि सुटणार. पण सूर्यकांतनं दोन्ही हात मागे बांधले आणि टेबलाच्या पार टोकाला ठेवलेल्या एका सडपातळ, साध्या बंदुकीकडे बघत उभा राहिला. नळी इतकी बारीक की माझी करंगळीसुद्धा आत गेली नसती.

त्यानं ती उचलली. आधी गज आत सोडून रिकामी असल्याचं पाहिलं. मग नळी उजेडाकडे धरून आतून बघितली. घोडा अर्धा ओढला, पुरा ओढला, कान लावून ऐकला. डोळे मिटून खांद्याला लावली आणि उघडले, तर नळीच्या टोकाचा नेमाचा मणी बरोबर नजरेसमोर. गोदामात पेट्या मोजणारा माझा नवरा तिथे असा वावरत होता की माझा राग कुठल्या कुठे गेला. मला त्याचा अभिमानच वाटायला लागला.

"ये तो बच्चों का है," खलफान म्हणाले.

"अर्बाब, बडे नली का धक्का बडा. दो बार के बाद आदमी फायर से पहले आँख बंद करता है. आँख बंद, खलास. इसमें बारूद कम लगता है, धक्का कम है. अंदर स्क्रू के माफिक आटे नहीं, सीधा चिकना है, तो छर्रा फैलके नहीं बिखरता. पच्चीस कदम तक पंछी के लिए छर्रा, निशाने के लिए एक गोली, दोनों चलेगा. पच्चीस के आगे मत सोचिए."

खलफाननी दोन्ही बंदुका खांद्याला लावून पाहिल्या आणि बारीक नळीची घेतली. परवाना-कागद त्यांचे. सूर्यकांतनं फक्त गज मागून घेतला आणि घरी आणून त्यावर अस्मीच्या नेलपॉलिशनं दोन रेघा ओढल्या. नळी रिकामी असली की लाल रेघ तोंडाशी यायची, एक बार भरला की निळी. "पापा, दॅट बॉटल वॉज न्यू," एवढंच अस्मी म्हणाली.

पंधरा दिवसांनी वाळवंटातल्या क्लबात पहिला बार. आम्हालाही बोलावणं होतं. पंचवीस पावलांवर लोखंडी तबकडी टांगलेली. खलफाननी सूर्यकांतच्या देखरेखीखाली दारू ओतली, ठासली. तेवढ्यात गहवा, म्हणजे अरबी कॉफी, आला, खजूर आले, त्यांचा फोन आला. सूर्यकांत अस्मीच्या कानावर ते मोठे हेडफोन बसवत होता. तो वळला तेव्हा खलफान परत गज काढून ठेवत होते.

सूर्यकांत पुढे झाला आणि त्यानं गज आत सोडला. निळी रेघ तोंडापासून चार बोटं वर.

"अर्बाब, रुकिए. दो बार भरा है."

"नहीं, सूर्या. एक."

"दो है."

चारचौघांत मालकाला खोटं पाडणं इथे कोणी करत नाही. खलफान चिडले, बार पेटवणारी टोपी घोड्याखाली बसवायला हात पुढे केला. सूर्यकांतनं बंदुकीवरचा हात काढला नाही. शेवटी क्लबचे मुश्ताकभाई आले आणि स्क्रूवाला गज घालून त्यांनी नळी उपसली. बोळा, छर्रे, बोळा, दारू. मग खालून आणखी एक बोळा, आणखी छर्रे. खलफान ती वाळूवरची ढिगली बघत राहिले.

"तुमको कैसे मालूम?"

"मैंने भी किया था. बारह साल का था." मग एका दमात त्यानं सगळं ओकून टाकलं. डुक्कर बाबांनी मारलं, आपण आयुष्यात एकदाही बार उडवलेला नाही, ऑफिसात सांगितलं ते खोटं होतं. मी डोळे मिटून घेतले. वाटलं, गेली नोकरी.

खलफाननी रिकामी नळी एकदा आतून बघितली. मग बंदूक त्याच्या हातात दिली. "पहला फायर तुम्हारा. यल्ला, चलो."

त्यानं दारू ओतली, बोळा, एकच गोळी, ठासली. गज सोडून निळी रेघ बघितली, टोपी बसवली. डोळा मिटला नाही. ठण्ण! तबकडी गरगर फिरली. मी काय ओरडले ते आठवत नाही, पण घसा दोन दिवस बसला होता. खलफान त्याच्या पाठीत थापा मारत होते. सूर्यकांतनं मात्र त्या धुरातच परत गज आत सोडला, लाल रेघ बघितली, "रिकामी आहे," असं मराठीत म्हणाला आणि ढसाढसा रडला.

परत येताना गाडी हायवेला लागली. मग मागून अस्मीनं इयरफोन काढले. "पापा, टेल मी द गन स्टोरी. द रिअल वन."

सूर्यकांतनं घसा खाकरला आणि माळ्यावरच्या भरलेल्या बंदुकीपासून सुरुवात केली.