मुंबईमार्गे नागपूर

आई सोयगावच्या सरकारी दवाखान्यात आया म्हणून एकतीस वर्षं राबली आणि निवृत्त झाल्यावर आमच्याकडं छावणीजवळच्या घरी राहायला आली. आल्या आल्या तिनं दोनच गोष्टी मागितल्या. कढीपत्त्याचं झाड लावायला अंगणात हातभर जागा, आणि पाय चालतात तोवर एकदा बोधगया. कढीपत्ता त्याच आठवड्यात लागला. बोधगयेचं मी फार मनावर घेतलं, आणि तिथंच घोटाळा झाला.

मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. आमच्या क्वालिटी विभागातला एक मित्र त्या दिवाळीत बायकोला घेऊन बँकॉकला जाऊन आला. कँटीनमध्ये त्यानं आम्हाला फोटो दाखवले. समुद्र, हत्ती, आणि हत्तीपेक्षा मोठा गॉगल लावलेला तो.

"किती लागले?" मी विचारलं.

"अरे भाई, फोकट में! एक रुपया नाय लागला तिकिटाला. सगळं पॉइंटांवर."

मग त्यानं मला समजावून सांगितलं. एक क्रेडिट कार्ड घ्यायचं. जे काही खरेदी करायचं ते त्यावर करायचं. त्याचे पॉइंट मिळतात, पॉइंट साठले की विमानाचं तिकीट मिळतं. "खर्च तर तू करतोसच ना? मग हवेत कशाला सोडतो?" हा त्याचा मुद्दा मला बिनतोड वाटला. आजवर आपण केवढा खर्च हवेत सोडला, या विचारानं मला दुपारचं जेवण गेलं नाही.

संध्याकाळी मी घरी जाहीर केलं, की आई बोधगयेला विमानानं जाणार.

"इमानानं? मला?" आई म्हणाली. "कशाला? रेल्वे जाती की."

"फुकट जायचंय आई."

"फुकट कोण नेतं बाबा?"

"बँक."

आई इतकी हसली की तिला ठसका लागला. "बँकेनं पेन्शनचं पासबुक भरून द्यायला मला तीन चकरा मारायला लावल्या. ती मला इमानात बसवणार व्हय!"

बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिनं फक्त कार्डाची वर्षाची फी किती ते विचारलं. मी सांगितलं. तिनं तो आकडा वहीत लिहून ठेवला. तिच्या वह्यांची मला सवय आहे, म्हणून मी पुढं गेलो.

कार्ड आलं. दिसायला सुरेख, काळंभोर, कोपऱ्यात छोटंसं विमान. आणि आमचं घर हळूहळू त्या विमानाच्या मागं चालायला लागलं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान आहे. दुकानदार आईला "मावशी" म्हणतो, तिच्यासाठी जुनी ज्वारी बाजूला काढून ठेवतो. त्याच्याकडं कार्ड चालत नव्हतं. म्हणून मी महिन्याचा किराणा जालना रोडवरच्या मोठ्या दुकानातून आणायला लागलो. तिथं जायला-यायला तास, रांगेत अर्धा तास, आणि यादीत नसलेल्या पाच-सहा वस्तू हमखास पिशवीत. पिशव्या घेऊन घरी येताना दुकानदार समोर दिसला की मी फोनवर बोलल्यासारखं करायचो. एकदा त्यानंच हाक मारली. "साहेब, माझं काही चुकलं का?" मी म्हणालो, "नाही हो, तिकडं पॉइंट मिळतात." त्यानं मान हलवली. त्याला काय समजलं कोण जाणे. आमच्या घरी काहीतरी आजार निघालाय आणि पथ्याचं सामान आणावं लागतंय, असं तो नंतर आईला म्हणाला.

पेट्रोल जवळच्या पंपावर भरणं बंद झालं. दुप्पट पॉइंट देणारा पंप गावाच्या दुसऱ्या टोकाला होता. तिथं जाण्यात जे पेट्रोल जळायचं, त्याचेही पॉइंट मिळत, हे मी बायकोला मोठ्या उत्साहानं सांगितलं होतं. आज ते वाक्य आठवलं की अंगावर काटा येतो.

कारखान्यात कुणाचा निरोप समारंभ असला की आम्ही बीड बायपासच्या हॉटेलात जेवायला जात असू. पूर्वी बिल आलं की सगळ्यांना एकदम फोन यायचे. आता मी बिलावर झडप घालायला लागलो. मी कार्डानं भरायचं, बाकीच्यांनी आपापला वाटा मला द्यायचा, पॉइंट माझे. पण बँकॉकवाला मित्रही त्याच घाईत असायचा. एकदा तर बिलाचं ते काळं पाकीट त्यानं एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या.

"सोड, मी देतो."

"नाही नाही, मागच्या वेळी तू दिलंस."

"दोस्ती में हिसाब नहीं होता भाई, सोड."

वेटर भारावून बघत राहिला. एवढे दिलदार लोक त्यानं पाहिले नसावेत.

मार्च-एप्रिलात एक जास्तीची योजना आली. ठरावीक खर्च पूर्ण केला की एकदम पॉइंटांचा ढीग. आमचा खर्च थोडा कमी पडत होता, म्हणून मी कुकर आणला. घरात दोन कुकर होते. तिसरा बघून आईनं विचारलं, "ह्यो कुणाचा?" मी म्हणालो, "तुझ्या बोधगयेचा." तिनं झाकण उघडून आत बघितलं.

त्याच उन्हाळ्यात एकदा बिल भरायची तारीख चुकली. दंड लागला, वर व्याज लागलं. तेवढ्या पैशात आईला रेल्वेनं वातानुकूलित डब्यातून गयेला नेऊन आणता आलं असतं. हा हिशेब मी केला नाही. बायकोनं केला, आणि कागद फ्रीजवर चिकटवून ठेवला.

दोन वर्षं गेली. रविवारची दुपार मी फोन घेऊन पॉइंट कसे वाढवायचे याचे व्हिडिओ बघण्यात घालवायचो. आई विहारातून वंदना करून यायची आणि दारातूनच विचारायची, "किती झालं?" मी आकडा सांगायचो. ती "लई झालं की," म्हणायची. मग बँकेनं एक दिवस नियम बदलले. ज्या तिकिटाला पूर्वी जेवढे पॉइंट लागत, त्याला आता जवळजवळ दीडपट लागणार होते. मित्राला विचारलं तर तो म्हणाला, "ये तो चलता रहता है." त्या वेळी चहा पिता पिता त्यानं हेही सांगून टाकलं, की बँकॉकला तिकीट पॉइंटांवर होतं, पण दोन जागा वेगवेगळ्या तारखांना मिळाल्या. बायको एक दिवस आधी एकटी गेली, हा दुसऱ्या दिवशी. तिथलं हॉटेल, फिरणं, खाणं यात वर्षाचा बोनस संपला. "पण तिकीट फोकट होतं," तो म्हणाला. त्याचा आवाज मात्र कँटीनमधल्यासारखा नव्हता.

मी थांबायला हवं होतं. पण तेवढ्यात मेसेज आला: आपले पॉइंट मार्चअखेर संपुष्टात येतील.

मी गयेची तिकिटं शोधायला बसलो. पॉइंटांवर गयेला एकही जागा नव्हती. फेब्रुवारीत नाही, मार्चात नाही, कोलकात्याहून नाही, दिल्लीहून नाही. आमच्या शहरातून तर पॉइंटांवर कुठंच काही नव्हतं. तीन दिवस मी तारखा बदलत राहिलो. चौथ्या दिवशी बायको शेजारी येऊन बसली.

"मग कुठं आहे जागा?"

"एकच दिसतीय."

"कुठली?"

"मुंबई ते नागपूर. दोन जागा आहेत."

तिनं फोनवर नकाशा उघडला. तिच्यासमोर नकाशा होता, माझ्यासमोरही. आमचं गाव मध्ये. डावीकडं मुंबई, उजवीकडं नागपूर. समृद्धी महामार्गानं नागपूर आम्हाला पाच-सहा तासांवर.

"म्हणजे आधी मुंबईला जायचं," ती शिक्षिकेच्या आवाजात म्हणाली, "आणि तिथून विमानात बसून आपल्या डोक्यावरून नागपूरला."

"पॉइंट वाया जातील नाहीतर."

"आणि आत्या?" माझ्या आईला ती आत्या म्हणते. "त्यांना गयेला जायचंय."

मी आईला विचारलं. मला वाटलं होतं ती नको म्हणेल आणि मी सुटेन. पण नागपूर म्हटल्यावर ती सावरून बसली. "दीक्षाभूमीला नेशील?" तिनं विचारलं.

आई नागपूरला आयुष्यात नऊ-दहा वेळा गेली असेल. पण दर वेळी दसऱ्याला, लाखोंच्या गर्दीत, आधी ट्रकमधून आणि नंतर एस.टी.नं. स्तूपापर्यंत पोहोचायला रांग, आणि पोहोचलं की मागचे पुढं ढकलणार. "नीट बसायला कधी मिळालंच नाय बघ," ती म्हणाली.

तिकिटं काढली. पॉइंट सगळे गेले, वर कर आणि सुविधा शुल्क म्हणून काही हजार रोख भरावे लागले. ते मी घरात सांगितलं नाही. फ्रीजवर जागा कमी होती.

मार्चच्या मधल्या आठवड्यात आई आणि मी सकाळच्या गाडीनं निघालो, कल्याणला मेव्हण्याकडं मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे टॅक्सी करून विमानतळावर पोचलो. टॅक्सीच्या भाड्यात घरून नागपूरची दोन माणसांची बस झाली असती.

आत गेल्यावर मी आईला कार्डाचा शेवटचा चमत्कार दाखवायला निघालो. या कार्डावर विमानतळावरच्या लाउंजमध्ये फुकट बसायला आणि खायला मिळतं. रांग दारापासून लांबवर गेली होती. पाऊण तासानं आमचा नंबर आला. काउंटरवरच्या मुलीनं कार्ड ओढून पाहिलं.

"सर, एकाच व्यक्तीला आहे. मॅडमचे वेगळे पैसे पडतील."

आईनं आकडा ऐकला आणि पिशवी उचलली. "तू जा. खाऊन ये. मी तिथं खुर्चीवर बसते."

मी गेलो. सांगायला लाज वाटते, पण गेलो. पाऊण तास रांगेत उभा होतो, दोन वर्षं त्याआधी. आत गार हवा होती, इडल्या होत्या, छोटे छोटे केक होते. मी उभ्या उभ्या एक इडली खाल्ली. मग दोन केक कागदी रुमालात गुंडाळून खिशात घातले आणि दाराकडं निघालो. तिथल्या माणसानं अगदी अदबीनं थांबवलं. "सर, बाहेर न्यायला परवानगी नाही." मी खिशातून केक काढून त्याच्या हातात दिले. मागं लोक बघत होते.

बाहेर येऊन पाहिलं तर आईनं धपाट्यांचं फडकं सोडलं होतं. शेजारी एक बाई बसली होती, भारी साडीतली, वर्ध्याची. तिच्या हातात धपाटं होतं आणि दोघी सुनांविषयी बोलत होत्या.

"काय होतं आत?" आईनं विचारलं.

"इडली."

"बरं झालं मी नाय आले," ती म्हणाली आणि माझ्या हातात एक धपाटं ठेवलं. "खा. चटणी संपली."

विमानात मी तिला खिडकीशी बसवलं. विमान उडताना तिनं माझं मनगट घट्ट धरलं, डोळे मिटले नाहीत. काही वेळानं खाली तपकिरी शेतं दिसायला लागली.

"आता आपण कुठं?"

"घराच्या वर असू बहुतेक."

तिनं काचेला कपाळ लावलं. "म्हणजे काल निघालो तिथंच आलो व्हय?"

"हो."

"बरं," ती म्हणाली.

दीक्षाभूमीवर त्या दिवशी माणसं तुरळक होती. कुणी झाडत होतं, दोन-तीन पोरी पायऱ्यांवर बसून अभ्यास करत होत्या. आई आत गेली, वाकली, आणि मग भिंतीशी मांडी घालून बसली. तिनं हळू आवाजात वंदना म्हटली. पुरी म्हटली, मधला एकही शब्द न गाळता. मी मागं बसलो होतो. अर्धा तास झाला, तास झाला. कुणी तिला उठ म्हणालं नाही. एकदाच तिनं मागं वळून पाहिलं आणि पदरानं डोळे पुसले. "माझी माय इथं गर्दीत हरवली होती," ती म्हणाली. "मी आठ वर्षांची होते. दिवसभर शोधली, सांजच्याला सापडली. कुठं शोधली तेच आज बघायला मिळालं." ही गोष्ट तिनं मला तोवर कधी सांगितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी परत निघालो. परतीला पॉइंट नव्हते. बसमध्ये बसलो आणि दुपारचा चहा घरी घेतला. बायकोनं दार उघडलं, घड्याळाकडं पाहिलं आणि विचारलं, "जायला किती तास लागले होते?" मी बूट काढत राहिलो.

लोक मला आता विचारतात, की या पॉइंटांच्या भानगडीत पडावं का. मी सांगतो, कुठं जायचं ते ठरलेलं नसेल आणि कधी जायचं याची घाई नसेल, तर जरूर पडा. लोकांना वाटतं मी शिफारस करतोय.

पुढच्या थंडीत आईच्या विहारातल्या बारा-तेरा बायकांनी बोधगयेला जायचं ठरवलं. मी म्हणालो, "आई, तिकीट माझ्या कार्डावर काढू का?" खरं तर तेव्हा पुन्हा एक योजना चालू होती.

"नको बाबा," ती म्हणाली. "मला गयेलाच जायचंय."

तिनं स्वतःच्या पेन्शनमधून स्लीपरचं तिकीट काढलं. मी तिला स्टेशनवर सोडायला गेलो. तेरा बायका, तेवीस पिशव्या, एक स्टोव्ह जो न्यायला मनाई होती आणि जो मी परत घरी आणला. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. मागं घंटा वाजत होती, कुठल्यातरी परक्या भाषेतलं पठण चालू होतं.

"पोचलो रे," ती ओरडून म्हणाली. "झाड लई मोठं हाये. सावलीत बसलोय सगळ्या."

"कशी आहेस?"

"पाय सुजलेत," ती म्हणाली. "अजून दोन दिवस राहावं म्हणतोय."