दादा माझ्यासमोर जेवत व्हता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला सांगायचा प्रश्नच नव्हता — त्यानं लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी मला माहेरी आणून सोडलं ते पुन्हा तोंड दाखवलं नाही. आईला सांगितलं नाही. देवाला काय सांगायचं, तो तर समोरच होता. आता तुम्हाला सांगायला बसले — आणि बघा, दुसऱ्याच वाक्यात मी नवऱ्याचं गाऱ्हाणं पुढं केलं. म्हणजे सुरुवातच पळवाटेनं! माझा स्वभावच तसा आहे. जरा सांभाळून घ्या, मी येते मुद्द्यावर.

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. पवनेच्या काठी आमचं गाव, आणि गावाबाहेरच्या माळावर एक मोठा कारखाना उभा राहत होता. आमची माळाची जमीन त्यात गेली. तिच्या बदल्यात थोरल्या भावाला, दादाला, बांधकामावर मुकादमी मिळाली. त्याच्या हाताखाली घमेली वाहणाऱ्या बायका होत्या — निम्म्या आमच्या गावच्या, निम्म्या मोगलाईतून आलेल्या. मराठवाड्याला तेव्हा आमच्याकडं मोगलाईच म्हणत. घरात दादा, वहिनी, त्यांची दोन मुलं, आई आणि मी. टाकलेल्या बाईला घरात काम पुष्कळ असतं, शब्द नसतो. सणाला काय करायचं ते धाकट्या भाच्याला विचारत, मला नाही. रोज दुपारी दादाची भाकरी बांधकामावर पोचवायची हे माझं काम, आणि खरं सांगू? — दिवसातलं तेवढंच काम मला आवडायचं.

त्या दुपारी दादा नेहमीच्या बाभळीखाली नव्हता. मी भाकरी ठेवून उभी राहिले. सिमेंट ठेवायच्या पत्र्याच्या शेडमध्ये घमेलं पडल्याचा आवाज झाला, म्हणून तिकडं गेले. दार लोटलेलं होतं, पण फट होती. आत गोदा होती — मोगलाईतली, माझ्याच वयाची, विधवा. दादाचा एक हात तिच्या तोंडावर होता. दुसरा कुठं होता ते मी लिहिणार नाही, पण मी बघितला. ती सुटायला धडपडत होती. आणि मी — मी ओरडले का? दार ढकललं का? मी मागं फिरले. बाभळीखाली येऊन बसले आणि भाकरीवर माशा बसू नयेत म्हणून फडकं नीट केलं.

थोड्या वेळानं गोदा सुटून बाहेर आली. तिच्या गालावर सिमेंटची बोटं उमटलेली होती. दादा मागून आला, हात धुतले, जेवायला बसला. मी त्याला विचारलं, आणखी ठेचा वाढू का.

बायकांनी गोदाला पाण्याच्या पिंपाजवळ नेलं. आमच्या गावची हौसाक्का त्यांच्यात वयानं मोठी, तिनं स्वतःच्या हातानं तिचं तोंड धुतलं, पदरानं पुसलं. मायेनं केलं हो. अशा वेळी बाईनं बाईचं तोंड धुवायचं, तिला चारचौघांत तशी उभी राहू द्यायचं नाही, अशीच आमच्याकडची रीत. एकीनंही तिला विचारलं नाही की खरं का खोटं. आणि मग संध्याकाळी गोदानं दादाचं नाव घेतलं, तेव्हा पुरुषांनी विचारलं — खूण कुठाय?

याचं मला अजून नवल वाटतं. एकच गोष्ट, एकाच दुपारी घडलेली. बायकांना ती ऐकायच्या आधीच कळली, आणि त्या गप्प बसल्या. पुरुषांना ती कळलीच नाही, आणि ते बोलायचे थांबेनात. मुकादमानं कामावरून झापलं असेल, म्हणून डाव धरला असेल. परमुलखातली बाई, तिचं काय जातंय. आज ह्याचं नाव घेतलं, उद्या कुणाचंही घेईल! — हे शेवटचं तर जो तो म्हणत होता, आणि म्हणताना आवाज जरा चढायचा. आई म्हणाली, "आपलेच दात आन् आपलेच व्हट." वहिनी मात्र त्या दिवसापासून दादाचं ताट त्याच्यापुढं ठेवेना, जमिनीवरून सरकवायची.

कंत्राटदार पुण्याचा. तो म्हणाला, तुमच्या गावचा माणूस आहे, तुम्हीच मिटवा. म्हणून देवळापुढं बैठक बसली. गोदा उभी राहिली आणि सगळं सांगितलं. रडली नाही. बायकांनी असं काही सांगायचं तर रडत सांगायचं असतं, एवढं तिला माहीत नसावं — किंवा माहीत असूनही तिनं केलं नाही. बेलभंडाराचं ताट आणलं होतं. बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा उचलून जो बोलेल त्याचं खरं, खोटं बोलला तर खंडोबा बघून घेईल, हा आमचा कायदा. गोदानं ताटाकडं हात केला. पाटलांनी ताट मागं घेतलं. आपला भंडारा परक्या बाईच्या हातात द्यायचा नाही, म्हणाले.

मग ते माझ्याकडं वळले. "ताई, तू रोज भाकर घिऊन जातीस. त्या वक्ताला दादा कुठं व्हता?"

ताई म्हणाले मला! एवढे पुरुष, एवढी पागोटी, आणि सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मी भंडारा उचलला. म्हणाले, "दादा माझ्यासमोर जेवत व्हता."

संपलं. कुणी उलट विचारलं नाही, खूण मागितली नाही. बाईच्या शब्दाला किंमत नसते असं कोण म्हणतं? मी तर एका वाक्यात खटला निकालात काढला. बाईनं बोलायचं कुणाच्या बाजूनं, एवढाच काय तो सवाल होता.

तुम्ही म्हणाल, पोटासाठी बोलली असेल. वहिनीलाही तसंच वाटलं. दुसऱ्या दिवशी चुलीपाशी ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "वन्सं, तुमी खोटं बोललात, बरं केलंत. पोरांच्या तोंडचा घास ऱ्हायला." म्हणजे तिला ठाऊक होतं. आपल्या नवऱ्यानं काय केलं हे जाणून ती मला दुवा देत होती आणि भाकरी थापत होती. मी मान खाली घातली, तिला वाटलं मला वाईट वाटतंय. पण पोटाचा विचार मला त्या वेळी शिवलाही नव्हता हो. मला ते आवडलं होतं. माझ्या शब्दानं माणसं उठून घरी गेली, हे मला आवडलं.

पण मला जे सांगायचंय ते हे नाही. हे निम्मं झालं. थांबा जरा.

बाईवर असा प्रसंग आला की ती एक तर गाव सोडते, नाहीतर विहीर जवळ करते. आमच्या हिशेबात तिसरी वाट नव्हती. गोदा दुसऱ्या दिवशी कामावर आली. डोक्यावर चुंबळ, कमरेला पदर खोचलेला. दुपारच्या सुट्टीनंतर पुन्हा हजेरी व्हायची, तेव्हा मी तिथंच असायची, रिकामं फडकं आवरत. दादानं तिचं नाव पुकारलं. बाकीच्या बायका 'हाय' म्हणायच्या. ती म्हणाली, "ह्यानं मला धरलं. म्या हाये." आणि घमेलं उचलून चालू लागली.

पुरुष हसले. एकानं शीळ घातली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नाव पुकारलं की तेच, त्याच आवाजात, ना राग ना रडं. पाऊसपाणी कसं आहे ते सांगावं तसं सांगायची. हळूहळू हसणं बंद झालं. तिचं नाव जवळ आलं की गवंडी थापी थांबवायचे. दादा ते नाव पुटपुटल्यासारखं घ्यायला लागला. आणि बायका? त्या अजून गप्पच होत्या. पण सिमेंट आणायला शेडमध्ये एकटी कुणी जाईना. एक निघाली की दुसरी आपोआप तिच्या मागं. कुणी ठरवलं, केव्हा ठरवलं, देव जाणे. मी डोळे फाडून बघत राहायची. ज्या बाईला देवळापुढं मी खोटं पाडलं, ती रोज एका वाक्यात तीच गोष्ट खरी करत होती, आणि तिच्या हातात बेल नव्हता की भंडारा. अंगावर काटा यायचा माझ्या. आज म्हातारपणी लिहितानाही आलाय.

एकदा पिंपाजवळ ती आणि मी समोरासमोर आलो. मला वाटलं, आता शिव्या देईल, थुंकेल. ती तांब्याभर पाणी प्यायली, तिनं मला नीट बघितलं आणि म्हणाली, "तुजं ऐकतेत बग ते." टोमणा नव्हता त्यात. तिला खरंच नवल वाटत होतं. मग म्हणाली, "येकदा अजून सांग की."

मी म्हटलं, "बघते."

बघते! भाजीवाल्याला म्हणावं तसं. ती मान हलवून गेली, आणि मला वाटतं तिनं वाटही बघितली असेल. मी रोज जायची, भाकरी वाढायची, यायची.

मग एका दुपारी कंत्राटदार मोटारीतून आला. हजेरी चालू झाली आणि दादानं गोदाचं नाव घेतलंच नाही. पुढचं नाव पुकारलं, हौसाक्काचं. हौसाक्कानं हातातलं घमेलं खाली ठेवलं. मग ती म्हणाली, "गोदीला ह्यानं धरलं. तिचं त्वांड मी धुतलंय. आन् मी हाय." तिच्यानंतरची म्हणाली, "गोदीला धरलं. मी हाय." तिच्यानंतरची. तिच्यानंतरची. आमच्या गावच्या, मोगलाईतल्या, लेकुरवाळ्या, कालच्या नव्या नवऱ्या — नाव पुकारलं की तेच. काहींचा आवाज फुटत नव्हता, तरी म्हणत होत्या. एवढ्या बायका एकामागून एक खरं बोलताना मी जन्मात कधी ऐकल्या नव्हत्या, पुन्हाही ऐकल्या नाहीत. कारखाना पुढं उभा राहिला, त्याची धुराडी सगळ्या पंचक्रोशीला दिसायची. पण त्या माळावर मी बघितलेली मोठी गोष्ट म्हणाल तर ती हीच.

कंत्राटदारानं टोपी काढली. घाम पुसला. हा माणूस डगमगला होता, मला स्पष्ट दिसलं. तो दादाला म्हणाला, "अहो मुकादम, एवढ्या बायका खोटं बोलतील?" दादाचा चेहरा उतरला. गोदा बाजूला उभी होती, तिच्या ओठांवर — हसू नव्हे, पण श्वास सोडल्यासारखं काहीतरी होतं. आणखी थोडा वेळ कुणीच काही बोललं नसतं, तरी पुरे होतं.

मी पुढं झाले. समोर ना पाटील होते, ना ताट. रिकामं फडकं हातात होतं. मी चांगल्या ठणठणीत आवाजात म्हणाले, "सायेब, दादा माझ्यासमोर जेवत व्हता. म्या बेलभंडार उचललाय."

कंत्राटदारानं टोपी घातली. झालं मग, म्हणाला. गोदाचं आणि हौसाक्काचं नाव त्यानं तिथंच काढायला लावलं. बाकीच्या बायकांनी घमेली उचलली. गोदा गाठोडं डोक्यावर घेऊन रुळांच्या बाजूनं निघून गेली. कुठं गेली, जगली का, मला माहीत नाही. मी शोधलंही नाही.

देवळापुढं मला विचारलं होतं. त्या दुपारी दादानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नव्हतं. मला कुणीही विचारलेलं नव्हतं.