आईचं पाऊण लिटर पाणी

आमच्या घरात बी.कॉम. झालेली मी पहिली. म्हणून आईच्या किडन्या गेल्या तेव्हा पनवेलच्या डॉक्टरांनी वडिलांना बाहेर बसवलं आणि समोरची खुर्ची मला दिली. दिवसाला पाऊण लिटर पाणी, ते म्हणाले, चहा, पेज, गोळीचा घोट सगळं त्यातच. जास्त झालं तर पाणी छातीत साठेल, श्वास घेता येणार नाही. मी लिहून घेतलं. त्या खुर्चीचा मला अभिमान वाटला. आज सांगायला लाज वाटते, पण वाटला.

खुणा असलेली एक बाटली आणली. सकाळी पाऊण लिटर भरायची. आईने कपभर चहा घेतला की कपभर पाणी बाटलीतून ओतून टाकायचं. आईने उभा जन्म बाजारात कोपरापर्यंत ओल्या हातांनी मासळी विकली होती. तिला हे पटणं कठीणच होतं.

"बाय, घोटभर दे गो."

"मग संध्याकाळी गोळी कशाबरोबर घेशील?"

"तुला बाजारात बसवाया पायजे व्हती. एक बोंबील जास्त गेला नसता."

चूळ भरायला म्हणून पाणी मागायची आणि निम्मी चूळ गिळायची. मग मी तिच्या गळ्याकडे बघत उभी राहायला लागले. आठवड्यातून दोनदा एस.टी.ने मुंबईला डायलिसिस, उरलेले दिवस हा पहारा. वर्ष उलटलं तसा मला माझ्याच आवाजाचा कंटाळा आला.

उरणहून आत्या आली. बाटली बघून म्हणाली, "शिकून ह्येच शिकलीस? आयेला तानेली ठेवतंस? दुश्मनाला पन कोनी पान्याला नाय बोलत नाय."

"मग तुम्ही न्या तिला. दम लागला की तुम्ही बसा उशाशी."

आत्या चहा अर्धा टाकून उठली. आईने कोणाचीच बाजू घेतली नाही. आत्या गेल्यावर एवढंच विचारलं, "तिचा चा उरलाय काय?"

आत्याचं बोलणं मात्र माझ्यात रुतून बसलं. डॉक्टरांचं ऐकून मी तिला जगवत होते की नुसती तहानेली ठेवत होते, मला ठरवता येईना. मे महिन्यातल्या एका दुपारी आई पदराचं ओलं टोक चोखताना दिसली. मोरीत भिजवून आणलं होतं. मी ते तिच्या तोंडातून ओढून काढलं. ओठांना पदराचा निळा रंग लागला होता, तो तिने मनगटाने पुसला.

पुढे महिन्याभराने डॉक्टर म्हणाले, आता डायलिसिस झेपणार नाही त्यांना, घरीच ठेवा. मागतील तेवढं पाणी द्या.

घरी येऊन मी तांब्या काठोकाठ भरला आणि आईपुढे ठेवला. तिने तांब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"डाक्टर काय बोलला?"

"काही नाही. पी म्हणाला, पाहिजे तेवढं."

तिने दोन घोट घेतले. तांब्या हाताने माझ्याकडे सरकवला.

"नको. तू देतंस तसाच दे. मोजून."

वडील दारात बसून ऐकत होते. मी आत गेले, बाटली विसळली आणि खुणेपर्यंत भरली. त्यातून तिने घेतलेले दोन घोट ओतून टाकायचे की नाही, याचा विचार करत मोरीपाशी बराच वेळ उभी राहिले. मग टाकले.