हक्कसोडपत्र वाचून दाखवलं तेव्हा

अठरा वर्षं मी सोलापुरात रजिस्ट्री कचेरीबाहेर बसून टायपिंग केलं. सगळ्यांत जास्त टाइप केली ती हक्कसोडपत्रं. बाप वारला की भाऊ बहिणींना घेऊन यायचे आणि बहिणी नवी साडी नेसून वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा भावाला सोडून द्यायच्या. ‘कोणत्याही दडपणाशिवाय, राजीखुशीने’ हे शब्द माझी बोटं डोळे मिटून मारायची. त्या बायकांना कागद कुणी वाचून दाखवत नसे. मीही नाही. त्याची लाज वाटायला लागली तेव्हा पंचेचाळिशीत लॉ कॉलेजात नाव घातलं.

घरात हसू झालं. सासूबाई म्हणाल्या, "नातवंडं खेळवायच्या वयात वकिली?" मी म्हटलं, ती येईपर्यंत तरी शिकू द्या. पहाटे इष्टलिंगाची पूजा, मग डबे, मग टायपिंग, मग कॉलेज. पूजा एक दिवस चुकवली नाही. देवावर श्रद्धा आहेच, पण चुकली असती तर माझं कॉलेज बंद करायला सगळ्यांना आयतं निमित्त मिळालं असतं.

दुसऱ्या वर्षी माहेरून, मैंदर्गीहून, धाकट्या भावाचा फोन आला, येऊन जा म्हणून. वडील जाऊन वर्ष झालं होतं. आमच्या लिंगायतांत जाळत नाहीत, पुरतात. त्यांची समाधी शेतातच आहे. आधी तिथं बेल वाहिला, मग घरी गेले. भावानं साडीचोळी आणि हक्कसोडीचा कागद एकाच ताटात मांडून ठेवला होता.

"सई कर अक्का. उद्या सोलापुरात रजिस्टर करू."

सही केली नाही तर माहेर तुटतं, हे मी टाइप करता करता किती जणींचं पाहिलं होतं.

"न्हाय करत," मी म्हटलं.

"तुला काय कमी हाय? आन समाधीला कवाबी ये की, कोण अडवतंय?"

"म्हंजे तू अडवलं न्हाईस म्हणून यायचं. बापाच्या पायाशी बसायला मला तुजी परवानगी नको."

"कायदा शिकून भावावरच उलटलीस."

मला राग आला. मी कागद उचलला आणि मोठ्यानं वाचायला लागले. आई तिथंच बसली होती. तिला कचेरीतली मराठी कळत नाही, म्हणून प्रत्येक ओळ कन्नडात सांगत गेले. हक्क सोडून देणार, नंबर एक: आई. नंबर दोन: मी.

शेंगा फोडणारे आईचे हात थांबले. "माजं नाव हाय त्यात?" भावानं तिला सांगितलं होतं, लेकीच्या सहीला साक्षीदार म्हणून अंगठा पाहिजे.

"कागदापुरतं असतंय अव्वा," भाऊ पुटपुटला.

आईनं मला सगळं पुन्हा वाचायला लावलं. घर, शेत, विहीर. मग तिनं भावाकडं पाहिलं.

"उद्या मला त्यांच्या शेजारी पुरायचं, तर ते बी तुलाच इचारून का?"

आई शेंगांचं सूप घेऊन आत गेली. अंगठा दिला नाही.

यंदा पंचमीला भाऊ मला न्यायला आला नाही. न्यायला यायचं ते पाहुणीला, हिस्सेदाराला नव्हे. मी एसटीनं गेले आणि चार दिवस राहिले.