निळं लग्न

"पह्यले या कॅमेऱ्याले पांढरं समजावा लागते, मंग दुनिया दाखवा." असं म्हणत चाचा खिशातून कापसाचा पुंजका काढायचे, नवरीच्या आत्याच्या हाती द्यायचे आणि कॅमेरा त्यावर रोखायचे. एवढं झाल्याशिवाय शूटिंग सुरू होत नसे. मग भटजी खोळंबले तरी चालतील.

तुमच्याही गावात असा एखादा शूटिंगवाला असेलच. दारव्ह्यात आमच्या घराखालच्या गाळ्यात हे चाचा होते. डिजिटल कॅमेरा आणि कॉम्प्युटर आणला, तेव्हा त्यांनी सगळ्या गल्लीला बोलावून दाखवला. माऊस सरकवला की दुपारची संध्याकाळ व्हायची, वाळलेलं रान हिरवंगार व्हायचं. "कृषी अधिकाऱ्याले बलावा!" कोणीतरी ओरडलं, आणि सगळ्यात जास्त चाचाच हसले. कापसाला भाव नसलेली ती वर्षं. लोक मांडव लहान घालत, पण शूटिंग सोडत नसत.

पांढरं दाखवायला साधा कागदही चालतो. पण चाचांचा कागदावर भरवसा नव्हता. "कागदात नीळ असते, बेटा. कापूस खरा."

माझ्या लग्नात या खऱ्या कापसानंच घात केला. त्या वर्षी ऐन वेचणीत पाऊस झाला आणि कापूस पिवळसर पडला. मांडवातल्या दिव्यांत ते चाचांच्या लक्षात आलं नाही. कॅमेऱ्यानं पिवळ्यालाच पांढरं मानलं आणि तो पिवळेपणा मारायला सगळं लग्न निळं करून ठेवलं. हळद राखेसारखी, आणि मी, आधीच सावळी, शाईत बुडवून काढलेली. मी माहेरी आले होते, तेव्हा टीव्हीसमोर आईनं डोळ्यांना पदर लावला. पुढच्या आठवड्यात सासरची सगळी गल्ली हे बघायला जमणार होती.

"रंग बिघडला, पोरगी नाही बिघडली," असं आईला सांगून चाचा कॉम्प्युटरसमोर बसले. दोन-तीन दिवसांनी आम्हाला खाली बोलावलं. निळेपणा पार गेला होता. आई खूश झाली आणि हळूच म्हणाली, "भाई, बसलेच आहा तं पोरीले जराशी उजळ करून द्या नं."

खरं सांगते, मलाही तेच हवं होतं. लहानपणापासून 'काळी' ऐकून कान किटले होते.

चाचांनी माऊस सरकवला. मी उजळत गेले, चक्क गोरी झाले. "बास, असंच राहू द्या!" आई म्हणाली.

"आता इकडे पाहा."

पडद्यावर माझ्या शेजारी बाबा उभे होते. तेही माझ्याबरोबर उजळले होते, इतके की नाक कुठं आणि गाल कुठं ते कळेना.

"तुमचा दोघायचा रंग एकच हाय, बेटा. तुले गोरं केलं का बाप पुसल्या जाते. बोल, काय करू?"

आई माझ्याकडे बघायला लागली.

"राहू द्या, चाचा. जशी आहो तशी."

त्यांनी माऊस मागं घेतला आणि बाबा परत आले.

सासरी ते लग्न बघताना मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "अगदी बापावर गेली हाय." माझ्या रंगाचं मला पहिल्यांदाच कौतुक वाटलं.

चाचा जाऊन आता बरीच वर्षं झाली. गावभरची लग्नं त्यांनी टिपली, पण स्वतः एकातही दिसत नाहीत. माझ्या पाठवणीत मात्र त्यांचा आवाज आलाय. बाबा रुमालानं तोंड झाकायला जातात, तेवढ्यात कॅमेऱ्यामागून चाचा म्हणतात, "रुमाल काढा, भाऊ. चेहरा येऊ द्या."

बाबा रुमाल खाली घेतात आणि रडता रडता हसतात.